न झालेल्या शॉर्टचं माप

जानेवारीतली सकाळ. उमेळ्यात धुकं इतकं खाली बसलं होतं की बावखलाच्या काठचे माड कमरेपासून वर नाहीसेच झाले होते. तळ्याच्या काठी नुसती खोडं ठेवून बाकीचा माड कोणीतरी उचलून नेल्यासारखं दिसत होतं. केळीच्या पानांवर साठलेलं दव न्हाणीच्या पत्र्यावर टपटपत होतं. टोनी कानाला मफलर बांधून वाडीत कागड्याच्या कळ्या खुडत होता. फुलवाल्याची गाडी साडेसहाला येते, आणि एकदा उमलली की त्या कळीला बाजारात कोणी विचारत नाही. ओट्यावर त्याची बायको बेटी मांडी घालून बसली होती आणि दोन टोकदार सळ्या फडक्याने पुसत होती. नाताळला पाहुणे यायच्या आधी बायका ठेवणीतले चमचे पुसतात, तितक्या मायेने. एका सळीला लाल वायर, एकीला काळी, आणि दोन्ही वायरी एका हिरव्या डब्यात शिरलेल्या. या डब्याला लूप टेस्टर म्हणतात. घरात फ्रीज घ्यायचा ठरलेला असताना बेटीने तो डबा आणला होता. टोनीने त्यावर एकच विचारलं होतं, की यात बोंबील किती दिवस टिकतात.

बेटी तुस्कानो म्हणजे उमेळ्याची वायरबाय. हे नाव तिला गावाने दिलं आणि तिने ते घेतलं. तिचा बाप रोनाल्ड गावातला पहिला वायरमन. त्याला मुलगा नव्हता, मुलगी होती, आणि मुलीला भातुकलीपेक्षा होल्डर खोलून बघायला आवडायचं. आयटीआयच्या वर्गात ती एकटी मुलगी. पहिल्या दिवशी सरांनी तिला शिवणकामाचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली की वर जाऊन आले, तिथला पंखा बंद आहे, तो आपणच दुरुस्त करायचा का. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची, परवानाधारक, गुडघ्यात थोडी कुरकुर असलेली. सलवार-कमीजवर बापाचा खाकी शर्ट घालून ती स्कूटरला शिडी बांधते आणि उमेळ्यापासून नायगावच्या टॉवरांपर्यंत हिंडते. तिची एक खोड म्हणजे बोर्ड उघडला की ती त्याच्याशी बोलते. आजारी म्हशीशी बोलावं तसं. "काय गो, कुठे दुखतंय? इथे? कोणी केलं तुझं हे असं?" घरातली माणसं सुरुवातीला दचकतात, मग त्यांनाही बोर्डची दया येते.

हा टेस्टर घेतल्यापासून मात्र बेटीच्या अंगात आलं होतं. झालं असं, की वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत वायरमन लोकांना दिवसभराचं शिक्षण होतं. चहा, सामोसा, पडद्यावर चित्रं. चाळीस पुरुष सामोशापाशी होते तेव्हा बेटी शिकवणाऱ्या माणसाला कोपऱ्यात गाठून प्रश्न विचारत होती. तिला जे कळलं त्याने ती रात्रभर झोपली नाही. पंचवीस वर्षं ती तार जळली की का जळली ते शोधत आली होती. या डब्यामुळे अजून न झालेला शॉर्ट मोजता येणार होता. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडल्या तर या घरात, या क्षणी, किती अँपिअर धावतील? डबा तार थोडीशी चाखतो, लाईनीचा अडथळा किती ते मोजतो, आणि आकडा दाखवतो. काही जळत नाही, फुटत नाही. टोनीला तिने पहाटे उठवून हे सांगितलं. टोनी म्हणाला की म्हणजे मी मेल्यावर तू किती रडशील ते आज मोजण्यासारखं झालं. बेटी म्हणाली, अगदी तसं, फक्त इथे आकडा खरा येतो.

लोकांना समजावताना ती पंपाचा दाखला द्यायची. बावखलावर पंप आहे, पाइप वाडीच्या टोकापर्यंत गेलाय. पाइप टोकाला फुटला तर पायावर पाणी पडतं. पंपाला लागून फुटला तर माणूस आडवा होतो. विजेचा पंप म्हणजे रस्त्यावरची डीपी, तो ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी डबा. घर डीपीच्या जितकं जवळ, तितका शॉर्टचा लोंढा मोठा. आणि तो लोंढा अडवायची तोटी म्हणजे तुमच्या बोर्डातला एमसीबी, तो आपोआप पडणारा स्विच. तोटीच्या अंगावर लिहिलेलं असतं ती किती लोंढा अडवू शकते. तीन हजार, सहा हजार, दहा हजार. लोंढा तोटीपेक्षा मोठा असेल तर तोटी बंद होत नाही, फुटते, आणि समोर जो उभा असेल त्याच्या तोंडावर फुटते.

इतकं सांगून ती आकडा मोजायची, पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहायची आणि बोर्डच्या दारावर लावायची. एवढ्यावरून घराला धोका आहे की नाही ते तिला कळायचं. चिकटपट्टी खरं तर तिच्यासाठी होती, पुढच्या वेळी आलं तर शोधायला नको म्हणून.

पण उमेळ्याने ती आपल्यासाठी घेतली.

दोन रविवार गेले आणि मिस्सा सुटल्यावर देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात माणसं एकमेकांना आकडे विचारू लागली. तुमचा किती? आमचा दोन हजार आठशे. आमचा तीन हजार शंभर, पण बेटी म्हणाली थंडीत वाढतो. एका घरच्या सोयरिकीत मुलाकडच्यांनी सांगताना वाडी, विहीर, दुबईतला भाऊ यांच्या रांगेत तीन हजार सहाशेही सांगून टाकले. बेटीने सुरुवातीला सगळ्यांना समजावलं की हा काही परीक्षेतला मार्क नाही. मग तिला हसू यायला लागलं, आणि हसत हसत तिने समजावणं सोडून दिलं. ही तिची चूक. ती स्वतःही नंतर तसंच म्हणायची.

गल्लीच्या अगदी टोकाला राहणारी प्रिस्का मात्र रुसली. तिच्या घरचा आकडा आला होता चारशे दहा. डीपी लांब, त्यात तार जुनी आणि बारीक, लोंढा पोचेपर्यंत दमून जायचा. बेटीने तिला सांगितलं की तुझी अडचण उलटी आहे, इतक्या कमी करंटला मोठा स्विच पटकन पडणार नाही, तार जाड कर. प्रिस्काने एवढंच ऐकलं की आपल्याला चारशे दहा आणि शेजारणीला नऊशे. तिने बेटीशी बोलणं सोडलं आणि टोनीमार्फत निरोप धाडला: माझ्या लग्नात तिला मी वरईच्या भाताची ताटली दिली नव्हती, त्याचा सूड हा. तीस वर्षांपूर्वीच्या ताटलीचा हिशेब बेटीला आठवतही नव्हता.

त्या धुक्याच्या सकाळी बेटी सळ्या पुसत होती ती हिलरीकाकांकडे जायला. हिलरीकाका सत्तरीचे, गावात सर्वांत मोठी वाडी त्यांची, आणि सहा दिवसांवर त्यांच्या धाकट्या लेकीचं, जेसिकाचं लग्न. मांडववाला दिवे, पंखे, माइक, सगळ्यांची वीज घरच्याच बोर्डावरून घेणार होता. त्यांच्या बायकोने, रेजिनाकाकींनी, बेटीला बोलावलं, बोर्ड एकदा बघून जा म्हणून.

बोर्ड पडवीतच होता, दाराशेजारी. बेटीने तो उघडला आणि त्याच्याशी बोलायचं विसरलीच. तिच्या बापाचं काम. तारा एका रेषेत, वळणं सारखी, प्रत्येक तारेला मेणाच्या धाग्याची गाठ, आणि आतल्या लाकडावर पेन्सिलने रोनाल्डचं नाव आणि साल. स्विच तेव्हाचे, सगळ्यात चांगले, गावात कोणी वापरले नसतील असे. त्यांच्या पोटावर छोट्या चौकटीत छापलेलं होतं ३०००. चाळीस वर्षांपूर्वी डीपी चॅपेलच्या पलीकडे होती, तेव्हा हे तीन हजार म्हणजे भरपूर. पण गेल्या वर्षी मागच्या जमिनीवर सात मजली इमारत झाली, आणि तिच्यासाठी मोठी डीपी आली ती नेमकी काकांच्या कुंपणाला टेकून. घराची तारही तेव्हाच नवीन, जाड घालून दिली होती.

बेटीने सळ्या लावल्या. बटण दाबलं. आकडा आला सहा हजार नऊशे दहा.

तिने आणखी दोनदा दाबलं. पुन्हा तेच, दहा-वीस इकडेतिकडे. तोटी तीन हजारांची आणि लोंढा सात हजारांच्या घरातला. तिच्या डोक्यात त्या बोर्डसमोरून सहा दिवसांनी दोनशे माणसं जायला लागली होती.

तिने मागे वळून सांगायला तोंड उघडलं, तर हिलरीकाका खांद्यावरून वाकून डब्यातला आकडा वाचत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिने फक्त फुटबॉल जिंकलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

"सहा हजार नऊशे," काका हळूच म्हणाले. "गावात कोनाचा इतका हाय काय?"

"नाय काका. म्हणूनच बोर्ड बदलायला पायजे."

"बदलू? पिसाळलीस काय?"

आणि तिथून जी सुरुवात झाली ती चार दिवस चालली. काकांचं म्हणणं सरळ होतं. हा बोर्ड रोनाल्डने लावला. या बोर्डाला गावातला सगळ्यात मोठा आकडा आला. आता नवीन प्लास्टिकचा बोर्ड लावला की आकडा उतरणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जुन्या भांड्यात शिजवलेल्या कालवणाची चव ॲल्युमिनियममध्ये येते काय? बेटीने सांगितलं की आकडा बोर्डाचा नाही, लाईनीचा आहे. काका म्हणाले मग माझ्या बोर्डावर कशाला चिकटवलास? बेटीने पंप सांगितला, तोटी सांगितली. काका म्हणाले चाळीस वर्षांत एकदाही फुटली नाय. बेटीने सांगितलं चाळीस वर्षं डीपी लांब होती. काका म्हणाले आता जवळ आली तर बरंच झालं की, आकडा वाढला. बेटी बापाचं नाव घेऊन म्हणाली की पप्पा असते तर त्यांनीच पहिला हा बोर्ड काढला असता. काका म्हणाले की तो असता तर आधी एक कप चहा घेतला असता.

रेजिनाकाकींनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, लग्न पोरीचं आहे पण नवरा वेडा झालाय माझा, रोज सकाळी उठून आधी बोर्डाला बघतो, मग देवाला. मांडववाल्याला बेटीने परस्पर सांगून बघितलं की इथली वीज घेऊ नकोस. तो म्हणाला की जनरेटर आणतो, पण काकांनी ऐकलं आणि त्याला अंगणातून हाकलून दिलं. सात हजारांचं घर असताना भाड्याच्या जनरेटरचा धूर? मग व्याह्यांना तोंड काय दाखवू?

चौथ्या दिवशी संध्याकाळी, पडवीत शेजारी जमले असताना, बेटीचा संयम सुटला. तिने कमरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर पैज लावली. तुम्ही म्हणता आकडा उतरेल, मी म्हणते उतरणार नाही. मी बोर्ड बदलते, तुमच्या देखत मोजते. एक अँपिअरने जरी कमी आला तर लग्नाच्या दिवशी मी खांद्यावर शिडी घेऊन ब्यांडच्या पुढे नाचत जाते, घरापासून देवळापर्यंत.

पडवीत एकदम कल्ला झाला. काकांनी तिचा हात हातात घेऊन जोरात हलवला. त्यांना पैज जिंकली तरी मजा, हरली तरी आकडा शाबूत. असा सौदा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता.

बेटी घरी निघाली, आणि अर्ध्या वाटेवर तिने स्कूटर थांबवली. टेस्टरचा आकडा कधी दोन वेळा सारखा येतो काय? त्या दिवशीच तिने बघितलं होतं, सहा हजार नऊशे दहा, मग आठशे नव्वद, मग नऊशे तीस. इमारतीतल्या सगळ्या गीझरनी एकदम डोकं वर काढलं की व्होल्ट खाली जातात आणि आकडा घसरतो. एक अँपिअर तर सोडा, पन्नास कमी येऊ शकत होते. तिच्या शास्त्रात काही चूक नव्हती, तोंडात होती. टोनीला तिने घरी सांगितलं तर तो हसून हसून कळ्यांच्या टोपलीत बसला. मग डोळे पुसत म्हणाला की नाचायची तयारी कर, मी ब्यांडवाल्यांना चाल सांगून ठेवतो, शिडी ॲल्युमिनियमची घे, बांबूची जड पडेल.

शनिवारी सकाळी साडेदहाला बेटीने काम काढलं. वेळ तिने मुद्दाम धरली, इमारतीतली माणसं कामावर, गीझर बंद, व्होल्ट ताठ. वीज कंपनीच्या माणसाने बाहेरून लाईन बंद केली. पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. कोणीतरी शेंगदाणेसुद्धा आणले होते. प्रिस्का बोलत नव्हती तरी आली होती, आणि अगदी पुढच्या रांगेत बसली होती, कारण बेटीला नाचताना बघायचं असेल तर भांडण आडवं येऊन चालणार नव्हतं.

बापाचा बोर्ड काढताना बेटी त्याच्याशी बोलली, पण इतकं हळू की कोणाला ऐकू आलं नाही. मग मेन स्विचच्या मागे बाहेरची जाड तार जिथे शिरत होती तिथे तिचा हात थांबला. स्क्रू सैल होता. चाळीस वर्षांत तापून निवून, तापून निवून त्याचे आटे झिजले होते, आणि नवीन तार टाकणाऱ्याने तो नीट आवळला नव्हता. तांब्यावर काळी साय चढली होती. बेटीने ती साय खरवडली. तार नवीन कापून, टोकाला नवीन थिंबलची टोपी दाबून, दहा हजारांच्या स्विचात बसवली आणि स्क्रू असा आवळला की खुर्चीत बसलेल्या काकांच्या दाताला कळ लागली. सैल सांध्यातला तो किंचित अडथळा आता गेला होता. अडथळा कमी म्हणजे लोंढा…

लाईन चालू झाली. बेटीने सळ्या लावल्या. पडवीत शेंगदाणे खाणंही थांबलं. बटण दाबलं.

तिने आकडा वाचला. मग तिने डबा काकांकडे वळवला.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "सात हजार," ते म्हणाले, "सात हजार दोनशे चाळीस."

मग जे झालं ते उमेळ्यात अजून सांगतात. सत्तर वर्षांचे हिलरीकाका उठले आणि बेटीची शिडी खांद्यावर घेऊन पडवीत नाचले. पैज बेटीची होती, पण नाचले ते. शिडीचं मागचं टोक फिरून प्रिस्काच्या अंबाड्याला लागलं, आणि अंबाडा सुटलेली प्रिस्का इतकी हसली की तिने हसता हसता बेटीच्या पाठीत धपका घातला आणि विचारलं, माझ्या घरचा पण स्क्रू सैल असेल काय गो? तीस वर्षांची ताटली तिथेच मिटली. रेजिनाकाकी आतून ओरडल्या की पोरीच्या लग्नाआधी कंबर मोडून घेऊ नका. बेटी ओट्यावर बसून डोळ्यांतलं पाणी पुसत होती. तिला वाटलं, चार दिवस शास्त्र सांगून जे जमलं नाही ते एका सैल स्क्रूने केलं.

तिथेच हे संपलं असतं, पण काकांचा आनंद बोर्डात मावेना.

रविवारी, लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडव. सकाळपासून अंगणात ब्यांड, मांडवाला पांढरी-गुलाबी झालर, पंखे गरगरतायत, आत बायकांची स्वयंपाकाची घाई. मांडववाल्याची जाड केबल बोर्डातून निघून पडवीच्या भिंतीने झालरीआडून मांडवात गेली होती. बेटी मांडवात पाहुण्यांसारखी बसली होती, साडी नेसून, केसांत टोनीचा कागड्याचा गजरा. तेवढ्यात काका आतून एक पाटी घेऊन आले. हातभर लांब, मागून दिव्यांची माळ लावलेली, आणि दिव्यांत लिहिलेलं ७२४०. नालासोपाऱ्याहून खास करून घेतली होती. व्याह्यांकडच्या मंडळींना हे काय ते कळेना. एकाला वाटलं घर नंबर, एकाला वाटलं लॉटरी लागली, एका म्हातारीने विचारलं की एवढी माणसं जेवायला येणार काय. काकांनी कोणालाच उत्तर दिलं नाही. पाटी दाराच्या वर, बोर्डच्या शेजारी लावायची, मग सगळ्यांना एकदमच सांगायचं, असा त्यांचा बेत. त्यांनी बेटीचीच शिडी घेतली, हातोडा घेतला, तोंडात खिळा धरला आणि चढले.

बेटीने मांडवातून बघितलं. तिला ओरडायचं होतं. काका झालर बाजूला न करता, झालरीवरूनच, बोर्डपासून वीतभर अंतरावर खिळा ठेवत होते, आणि झालरीच्या मागे केबल होती. ती उठली, पण साडीचा पदर खुर्चीत अडकला. त्याच वेळी रेजिनाकाकी मिक्सर घेऊन स्वयंपाकघरातून पडवीत आल्या, आत सॉकेट शिल्लक नव्हता म्हणून, आणि बोर्डाखालच्या सॉकेटला लावून उभ्या राहिल्या. तोंड बोर्डाकडे, बोर्डापासून हातभर अंतरावर.

काकांनी हातोडा मारला.

टक्.

इतकंच. एखाद्याने जिभेने टाळूवर वाजवावं तसं. पंखे हळूहळू मंदावले, दिवे गेले, माइकवरचा माणूस तोंड हलवत राहिला. ब्यांड मात्र वाजत होता, त्याला वीज लागत नव्हती. रेजिनाकाकी मिक्सरकडे बघून वैतागल्या. काका शिडीवर होते, खिळ्यावरचा हात आधीच काढलेला, हातोड्याचा दांडा लाकडी, त्यांना काही झालं नव्हतं. ते फक्त बोर्डाकडे बघत होते, आणि बोर्डासमोर उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे.

बेटी पळत आली. आधी तिने काकांना खाली उतरवलं, मग बोर्ड उघडून सगळं बंद करून खात्री केली, मग पकडीने खिळा ओढला. खिळ्याचं टोक वितळून मसुराएवढा काळा गोळा झाला होता. आतलं सगळं स्वच्छ होतं. मेन पडला होता, मांडवाचा स्विच पडला होता, प्लास्टिकवर एक डागही नव्हता. तिने खिळा काकांच्या तळहातावर ठेवला.

"एवढाच आवाज?" काकांनी विचारलं.

"एवढाच. सात हजारांचा."

"आणि जुन्यात?"

बेटीने रेजिनाकाकींकडे बघितलं, आणि काकांनीही. ते बायकोजवळ गेले आणि त्यांनी तिच्या चेहऱ्याला हात लावला, एका गालाला, मग दुसऱ्या, सगळं जागेवर आहे ना बघायला. लग्नघरात, भर पाहुण्यांत, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. रेजिनाकाकींनी त्यांचा हात झटकला आणि म्हणाल्या, काय हे, पीठ लागलंय काय तोंडाला माझ्या? मांडवात हशा पिकला. काका हसले आणि हसता हसता रडायला लागले. व्याह्यांना वाटलं लेक जाणार म्हणून बाप रडतोय, म्हणून व्याहीही रडले.

बेटीलाही हसू आलं. एकदा सात हजार गिळलेला स्विच पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून स्कूटरच्या डिकीतला जादा स्विच काढून तिने तो बदलला. मांडववाल्याला जखमी केबल फेकून दुसरी टाकायला लावली, आणि यावेळी झालरीच्या वरून, सगळ्यांना दिसेल अशी. पंखे फिरायला लागले. माइकवरचा माणूस अर्ध्या वाक्यातून पुढे सुरू झाला. काकांनी ती पाटी लावली नाही. ती आत नेऊन त्यांनी कुठेशी ठेवली, कुठे ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

बेटी हात धुऊन मांडवात परत जायला निघाली, तर दारातच रेजिनाकाकींनी तिला अडवलं. मिक्सर मगाशी बंद पडला तो आता चालतोय, पण वाटण व्हायला वेळ लागणार, आणि खोबरं अजून खवायचं राहिलंय, पंधरा नारळ. साडीवरची वायरबाय कशाला मिरवतेस, आत ये.

बेटीने पदर कमरेला खोचला, भिंतीला टेकवलेली विळी पुढे ओढली, तिच्यावर पाय टाकून बसली, आणि पहिला नारळ हातात घेतला.